नऊ महिने, चार तऱ्हेचे मोती आणि जळगावचा उन्हाळा

गेल्या श्रावणात कानबाईला, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीच्या सणाला, घालायला म्हणून पहिली माळ ओवली. आता आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन गेली. एवढ्या काळात दोन माळा, तीन जोड कुड्या आणि एक नथ हातानं केली. नुसती डबीत ठेवली नाही, घातली.

प्लॅस्टिकचे मोती घेऊच नका. वजन नाही, पाणी नाही.

काचेच्या मोत्यांत मी फसले. दुकानात ‘खरे’ म्हणून दिले होते. दोन मोती एकमेकांवर घासून पाहायचे, खरे असले तर किंचित खरखरतात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. दिवाळीत सुरेख दिसले. मार्चमध्ये घाम सुरू झाला आणि भोकाजवळचा मुलामा सुटून आतली काच दिसायला लागली. फार वाईट वाटलं, कारण ती माळ आईसाठी केली होती.

गोड्या पाण्यातल्या मोत्यांची माळ मात्र आजही तशीच आहे. या मोत्यात बहुधा आत मणी नसतो, शिंपल्यानं थरावर थर चढवलेले असतात. त्यामुळे भोक थोडं झिजलं तरी आत तेच निघतं. आकार वेडेवाकडे, काही तांदळासारखे, काही चपटे. मला तेच आवडतात. सासूबाईंनी हातात घेऊन विचारलं, “हाऊ मोती खरा शे का?” आणि मग माळ त्यांच्याचकडे राहिली चार दिवस.

कुड्यांना मात्र हे मोती जुळत नाहीत. मधे एक आणि भोवती सहा बसवायचे तर सातही एका मापाचे लागतात. तिथे शिंपल्यापासून गोल घडवलेले, वर रंगाचा थर दिलेले मोती घेतले. कानात घाम कमी लागतो, त्यामुळे अजून थर शाबूत आहे. रोजच्या वापरातल्या माळेला ते मी घेणार नाही.

सगळ्यात जास्त शिकवलं दोऱ्यानं. पहिली माळ बिनगाठीची होती, ऐन कानबाईच्या गर्दीत तुटली आणि मोती सगळ्या अंगणात. तेव्हापासून प्रत्येक मोत्यानंतर गाठ. दोरा दुहेरी धरायचा, म्हणून माळेच्या लांबीच्या चौपट रेशीम घेते. ६ मिमीचे मोती ४० सेंमी माळेला बिनगाठीचे ६६ लागतात. गाठींमुळे सात-आठ कमी पुरतात. वेळ जातो, पण दोरा तुटला तरी एकच मोती निसटतो.

मोती म्हणजे मुख्यतः चुनखडीच, आंबट त्याला खातं. कैरी चिरताना, अत्तर लावताना माळ काढून ठेवा. उन्हात फिरून आलं की ओल्या सुती फडक्यानं पुसा आणि आडवी ठेवा. खुंटीला टांगली की रेशीम ताणतं. माझं ताणलंच आहे, गाठींशी फट दिसते, पांढरं रेशीम घामानं मळकटही झालंय. येत्या कानबाईच्या आधी माळ पुन्हा गाठवायची आहे, या खेपेला मोतिया रंगाच्या रेशमात.