लूडोचा फासा: नऊ महिने खेळल्यानंतर

जुना फोन बंद पडला, नवा घेतला, त्यावर लूडो पुन्हा चढवला आणि पहिला डाव संपताच जाहिरात आदळली. ती दिसू नये म्हणून मी मार्चमध्ये १९९ रुपये भरले होते. रक्कम लहान आहे, पण पैसे देऊन घेतलेली गोष्ट फोन बदलल्यावर नाहीशी व्हावी हे मला मान्य नाही. ही तक्रार लिहायलाच बसले होते. पण नऊ महिन्यांत या खेळात माझं डोकं सगळ्यात जास्त खाल्लं ते फाशाने, त्यामुळे आधी फाशाबद्दल.

आम्ही तिघं भावंडं खेळतो. ताई बेळगावला, मी सांगलीत, धाकटा मस्कतला. आपले दहा वाजतात तेव्हा त्याचे साडेआठ. तो जेवून येतो. मी खोली उघडून कोड पाठवते, फोन स्पीकरवर आणि डाव सुरू. सुरुवातीला मी अनोळखी लोकांशीही खेळायचे, रात्रीचे बारा वाजायचे. सकाळी डोळे चुरचुरायला लागले तेव्हा ते बंद केलं.

मे महिन्यात एका रात्री ताईला ओळीने चौदा वेळा सहा पडला नाही. सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर निघत नाही, त्यामुळे तिच्या चारही घरातच अडकलेल्या, आणि धाकट्याची पहिली पोचत आलेली. "अगं, हा फासा लबाड आहे. पैसे भरतो त्यालाच सहा देतो," म्हणाली आणि फोन ठेवला. दोन दिवस आली नाही. पैसे भरलेली मी एकटीच, त्यामुळे ते मला फार लागलं. आणि खरं सांगायचं तर फाशाचा संशय मलाही होता. याच कारणासाठी मी पहिल्या महिन्यात ॲपला दोनच तारे दिले होते.

मग वही घेतली. तीन आठवड्यांत १७ डाव झाले, त्यात मला पडलेलं प्रत्येक दान लिहिलं. एकूण १,२४८ दानं. सरळ फाशाने सहा साधारण २०८ वेळा पडायला हवा. मला पडला २११ वेळा. एक पडला २२४ वेळा, दोन १९१. म्हणजे पैसे भरूनही माझ्याकडे सगळ्यात जास्त आला तो एक! ताईलाही लिहायला लावलं. तिच्या वहीतही सहा कमी नव्हते.

मग ते चौदा वेळचं काय? त्याचा हिशेब धाकट्याने करून दिला. एका दानात सहा न पडण्याची शक्यता सहात पाच. ती चौदा वेळा गुणली की जवळपास आठ टक्के उरतात. तिघं खेळत असताना सुरुवातीच्या चौदा दानांत कुणा एकाचं तरी असं होणं साधारण दर पाचव्या डावाला ठरलेलंच. ज्याचं होतं त्याला ते वर्षभर आठवतं, बाकीचे चार डाव कुणाच्याच लक्षात राहत नाहीत.

माझा अंदाज, आमचं लहानपणही याला कारण आहे. आम्ही आजीजवळ बसून चल्लस-आठ हा पटावरचा खेळ खेळायचो, फोडलेल्या चिंचोक्यांनी. चार चिंचोके टाकले की दोन उताणे पडणं सगळ्यात सोपं; चारही उताणे किंवा चारही पालथे पडणं सोळात एकेकदा. मोठं दान तिथे खरंच दुर्मीळ असतं आणि हाताच्या फेकीवर भरवसा असतो. लूडो जिच्यावरून आला ती पचीसीही कवड्यांचीच. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लूडोचं पेटंट घेतलं गेलं तेव्हा कवड्यांच्या जागी फासा आला, आणि फाशाला एक काय नि सहा काय, सारखेच. बोटाने काच दाबण्यात ती फेक नाही, म्हणून मन संशय घेतं.

संशय गेल्यावर खेळ जास्त आवडायला लागला. दुसऱ्याची मागची सोंगटी सहा घरांच्या आत असेल तर ती एका दानात मारू शकते, प्रत्येक घराला सहात एक शक्यता. सातव्या घरावर गेलं की आधी सहा आणि मग नेमका एक पडावा लागतो, म्हणजे छत्तीसात एक. हे कळल्यापासून मी चांदणीच्या, म्हणजे सोंगटी मारता न येणाऱ्या, घरासाठी धावत नाही, अंतर मोजते. आमच्यात जास्त डाव आता मी जिंकते.

खटकतं ते घड्याळ. वेळेत दान टाकलं नाही की ॲप स्वतःच खेळतं. ताई गॅस बंद करायला उठली आणि तिची चांदणीवरची सोंगटी बाहेर काढून ॲपने मरायला ठेवली. घरच्यांच्या खोलीत तरी वेळ वाढवता यायला हवी.

आणि ते १९९ रुपये. चार मेल केले, प्रत्येकाला एकच छापील उत्तर, 'ॲप काढून पुन्हा टाका'. पाचव्या मेलला पैसे भरल्याच्या पावतीवरचा ऑर्डर क्रमांक जोडला. अकराव्या दिवशी जाहिराती गेल्या. तो क्रमांक आधीच मागितला असता तर? पैसे भरणार असाल तर पावतीचा मेल पुसू नका, आणि पाहुणा म्हणून न खेळता आधी खातं उघडा. मी तेव्हा ते केलं नव्हतं.

दोनाचे चार तारे केले आहेत. पाचवा घड्याळासाठी राखून ठेवलाय. धाकटा दिवाळीला येतोय, तेव्हा चिंचोकेही काढणार आहोत. ताईने फोडून ठेवलेत.