डबीवर ‘४के ६०’, आत यूएसबी २ : कॅप्चर कार्डातली फसवणूक

नव्वदच्या दशकातल्या लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्या म्हणून माणूस कॅप्चर कार्ड, म्हणजे बाहेरचं चित्र-आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणारी वस्तू, विचारायला जातो आणि बेळगाव-निपाणी पट्ट्यात त्याच्या गळ्यात बहुधा एकच वस्तू मारली जाते. पेनड्राइव्हएवढी काळी डबी, एका टोकाला एचडीएमआय, दुसऱ्या टोकाला यूएसबी, वर छापलेलं ‘४के ६०, यूएसबी ३.०’. खानापूर तालुक्यातल्या एका घरी ही डबी २,८०० रुपयांना गेली. व्हीसीआरला एचडीएमआय नसतंच, म्हणून पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरींचा एव्ही-टू-एचडीएमआय कन्व्हर्टर आणखी ९०० ला. बिल कच्चं. तीच डबी ऑनलाइन पाचशे-आठशेला मिळते, आणि व्हीएचएसच्या कामाला ती मुळातच चुकीची आहे. पैसे गेले ते गेले, पण ‘आता कॉम्प्युटरवर आलं’ म्हणून कॅसेट भंगारात टाकली की पुन्हा घ्यायची सोय उरत नाही. हे लिहायचं खरं कारण ते.

फसवणूक छापील आकड्यात आहे. ‘४के’ म्हणजे ३८४० × २१६० ठिपक्यांचं चित्र, ‘६०’ म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं. ‘४के’ हा डबी आत किती घेऊ शकते तो आकडा. बाहेर किती देते ते कुणी छापत नाही. या स्वस्त डब्यांत बहुतेक वेळा मॅक्रोसिलिकॉनची एमएस२१०९ ही चिप असते. ती ४के ३० फ्रेमचा सिग्नल आत घेते, पण कॉम्प्युटरला देते जास्तीत जास्त १०८०पी (१९२० × १०८० ठिपके), ३० फ्रेम, तेही एमजेपेग करून, म्हणजे प्रत्येक फ्रेम दाबून. न दाबता १०८०पी मागितलं तर सेकंदाला ५ च फ्रेम येतात. गणित सोपं आहे: १९२० × १०८० × २ बाइट × ३० फ्रेम म्हणजे सेकंदाला सुमारे १२४ एमबी. यूएसबी २ मधून प्रत्यक्षात ३५-४० एमबीच्या वर जात नाही. मग ते बसणार कुठून?

‘निळा प्लग आहे, म्हणजे यूएसबी ३’ असं दुकानदार सांगतो. प्लास्टिक निळं करायला काही लागत नाही. प्लग उजेडात धरून आत बघा. पुढे चार रुंद पट्ट्या दिसतील, त्या यूएसबी २ च्या. यूएसबी ३ असेल तर त्यांच्या मागे, आतल्या बाजूला, आणखी पाच बारीक टोकं असतात. चारच दिसली तर डबीवर काहीही छापलेलं असो, ती यूएसबी २ आहे. पाच टोकं दिसली तरी चिप तपासायची ती तपासायचीच. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर, डबीच्या नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडी. तिथे व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) ५३४डी, पीआयडी (वस्तूचा क्रमांक) २१०९ आलं की आत एमएस२१०९ आहे असं समजायचं. या चिपचा आवाजही फसवा असतो: खरा ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ, पण कॉम्प्युटरला ९६ किलोहर्ट्झ मोनो म्हणून ओळख देते.

ही चिप टाकाऊ नाही, हे मात्र सांगायला हवं. डीएसएलआर वेबकॅमसारखा जोडायला, ऑनलाइन शिकवणीला ती चालते. सहाशे रुपयांची वस्तू सहाशेला विकली तर तक्रार नाही. खोटं लेबल लावून चौपट घेतात, राग त्याचा आहे.

आता व्हीएचएसचं. आपल्याकडच्या कॅसेटी पाल या इथल्या टीव्ही पद्धतीच्या: ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये दोन फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं. म्हणजे हालचालीचे ५० क्षण. तो कन्व्हर्टर हे सगळं फुगवून ७२०पी किंवा १०८०पी ६० करतो. ५० चे ६० करायला त्याला काही फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात. पुढे डबी त्या ६० च्या ३० करते. वरातीतलं लेझीम बघा, हात मध्येच अडखळतो, मध्येच उडी मारतो. शिवाय ४:३ चं चित्र ताणून १६:९ केलेलं, त्यामुळे नवरा-नवरी दोघंही आडवी पसरलेली. चित्राची ताण एडिटिंगमध्ये मागे घेता येते. गेलेली फील्ड परत आणता येत नाहीत.

व्हीएचएसला लागतं ते एव्ही (त्याच तीन रंगी वायरी) किंवा एस-व्हिडिओ (चित्राची जुनी गोल जोडणी) सरळ घेणारं यूएसबी कार्ड. इथे यूएसबी २ पुरतं, कारण पालचा न दाबलेला सिग्नलही सेकंदाला २१ एमबीच्या आतच आहे. हॉपॉगचं यूएसबी-लाइव्ह२ या जातीतलं भरवशाचं. स्वस्तात ‘ईझीकॅप’ मिळतं, पण ते नाव अनेकांच्या डब्यांवर असतं आणि आत एसटीके११६०, ईएम२८६०, एसएमआय२०२१, यूटीव्ही००७ यांपैकी कुठलीही चिप निघते. एकीचा ड्रायव्हर दुसरीला चालत नाही. सोबत छोटी सीडी देतात, लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसतो, मग माणूस नेटवर ‘ड्रायव्हर’ शोधतो आणि भलतंच काहीतरी इन्स्टॉल करून बसतो. चिपचं नाव सांगता येत नसेल आणि ड्रायव्हर पेनड्राइव्हवर देत नसतील, तर घेऊ नका.

कार्ड लावल्यावर चित्र काळं-पांढरं आलं किंवा वर-खाली सरकत राहिलं, तर लगेच कार्ड खराब ठरवू नका. बऱ्याचदा ते एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीवर असतं. ओबीएस या फुकट रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये कन्फिगर व्हिडिओ, व्हिडिओ डिकोडर, तिथे पाल-बी निवडा. मूळ रेकॉर्डिंग इंटरलेस्डच, म्हणजे दोन्ही फील्डांसकट, ठेवा, डीइंटरलेस, म्हणजे फील्डांच्या पूर्ण फ्रेम, नंतर बीडब्ल्यूडीआयएफ या फिल्टरने ५० फ्रेमवर करा. ८ एमबीपीएसच्या एच.२६४ या दाबलेल्या फाइलीला तासाला साधारण ३.६ जीबी लागतात.

मिनीडीव्ही या छोट्या डिजिटल टेपच्या कॅमेरावाल्यांना वेगळाच गंडा घालतात: ‘फायरवायर टू यूएसबी’ केबल. फायरवायर ही या कॅमेऱ्यांची जोडणी. एका टोकाला चार पिनी, दुसऱ्याला यूएसबी, किंमत दोन-तीनशे. ती चालणं शक्यच नाही. दोन्हींची बोलायची पद्धतच निराळी, नुसत्या तारा जोडून भाषांतर होत नाही. मिनीडीव्हीला कॅप्चर कार्ड लागतही नाही. टेपवर आधीच डिजिटल डेटा आहे, तासाला सुमारे १३ जीबी. जुन्या डेस्कटॉपमध्ये फायरवायर कार्ड बसवून लिनक्सवर डीव्हीग्रॅब या प्रोग्रॅमने तो जसाच्या तसा उतरतो.

दुकानात पैसे देण्याआधी ओबीएस टाकलेला लॅपटॉप घेऊन जा. एचडीएमआय डबी असेल तर व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये रिझोल्यूशन ‘कस्टम’ करून १९२० × १०८० घ्या आणि फ्रेमदर, व्हिडिओ फॉर्मॅट काय काय मिळतात ते बघा. ६० दिसलं तरी भुलू नका. दुसऱ्या लॅपटॉपवरून ६० फ्रेमचा हलता व्हिडिओ लावून दहा सेकंद रेकॉर्ड करा, व्हीएलसीमध्ये उघडा आणि ‘ई’ दाबत एकेक फ्रेम पुढे न्या. दर दुसऱ्यांदा चित्र जागचं हललं नाही, तर ३० चेच दुप्पट केलेत. एव्ही कार्ड असेल तर बॅटरीवरचा जुना कॅमकॉर्डर न्यायचा, तो व्हीसीआरचं काम करतो. ‘सील फोडलं की परत घेणार नाही’ म्हणणाऱ्याकडून घेऊच नका.

डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी आणि ग्राहक संपर्क असायलाच हवा, वजनमाप कायद्याचा तो नियम आहे. पक्कं बिल मागा. जीएसटी क्रमांक २९ ने सुरू झाला तर नोंदणी कर्नाटकातली, २७ ने तर महाराष्ट्रातली. बिलावर नुसतं ‘कॅप्चर कार्ड’ नको, ‘यूएसबी ३.०, १०८०पी ६० आउटपुट’ असं लिहून घ्या. लिहायला का-कू केली तर उत्तर तिथेच मिळालं.

फसला असाल तर आधी प्लगचा फोटो, हार्डवेअर आयडीचा स्क्रीनशॉट आणि ती दहा सेकंदांची क्लिप जपून ठेवा. यूपीआयने दिले असतील तर त्याची नोंदही चालते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून बोलता येतं. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तू कोल्हापुरातून आणलेली असली तरी २०१९ च्या कायद्याने तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावातच, करता येते. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.