पॅराशूट फील्ड अँब्युलन्सचा 1/35 संच: रिव्हॉल्व्हर नेमकं, ब्रेन मशीनगन नकोच

दादरमधल्या एका छोट्या कार्यशाळेत थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या या रेझिनच्या मॉडेल संचात (मूळच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या मापात) 1944 च्या ब्रिटिश हवाई वैद्यकीय तुकडीचे पाच जण आहेत: डॉक्टर-अधिकारी, दोन अर्दली (वैद्यकीय मदतनीस), स्ट्रेचरवरचा जखमी आणि एक पहारेकरी. शस्त्रं वेगळी दिली आहेत, आणि संचाची खरी परीक्षा तिथेच होते.

1929 च्या जिनिव्हा कराराचं आठवं कलम वैद्यकीय लोकांना स्वतःच्या आणि जखमींच्या बचावापुरतं शस्त्र बाळगू देतं. तुकडीपाशी पहारेकरी असला, किंवा जखमींकडून काढून घेतलेल्या बंदुका अजून जमा करायच्या राहिल्या असल्या, तरी संरक्षण जात नाही. बनवणाऱ्यांनी हे वाचलेलं दिसतं. स्ट्रेचरशेजारी ठेवायचा रायफलींचा छोटा ढीग त्यामुळेच इतका बरोबर वाटतो.

अधिकाऱ्याचं एनफिल्ड नंबर 2 रिव्हॉल्व्हर झकास. अस्सल लांबी 260 मिमी, म्हणजे इथे जेमतेम साडेसात मिमी. एवढ्याशा जागेत सहा गोळ्यांच्या सिलिंडरवरच्या खाचाही उठून दिसतात. पहारेकऱ्याची बंदूक स्टेन मार्क 5 सबमशीनगन आहे. लाकडी दस्ता, पुढची उभी मूठ, 762 मिमीच्या हिशेबाने सुमारे 21.8 मिमी लांबी, सगळं जुळतं. घोळ नळीत आहे: प्रिंटचे आधार (छापताना भाग धरून ठेवणाऱ्या काड्या) तिथेच चिकटवलेले, कापताना नळी हमखास तुटते. सरळ कापून टाका, 0.4 मिमीचं छिद्र पाडा आणि त्याच जाडीची तार बसवा. बारीक ड्रिल नागदेवी स्ट्रीटला मिळतं, तार लोहार चाळीत. मॅगझिन डावीकडे अगदी आडवं बसलं पाहिजे. जरा कललं तरी नजरेला खुपतं. वाकलेले भाग कोमट नव्हे, चांगल्या गरम पाण्यात थोडे बुडवून सरळ करा आणि लगेच गार पाण्यात धरा. बंदुकांचे पट्टे मात्र जाड आहेत, पातळ फॉइलचे 0.7 मिमी रुंदीचे कापून लावा.

पहारेकऱ्यासाठीही लाल क्रॉसचा दंडपट्टा दिलाय. तो लावू नका, पहाऱ्याचा शिपाई वैद्यकीय नसतो. अर्दलींना लावा, डाव्या दंडावर. ब्रेन मशीनगन कशाला दिली आहे, देव जाणे. क्रॉसवाल्याच्या हाती ती दिली की सगळ्या देखाव्याचा अर्थच फिरतो.

खोक्यावर ‘कोरिया 1951’ हा पर्यायही छापलाय, पण आत फक्त भारतीय डिकॅल (चिकटवायची चिन्हं). लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या भारतीय लष्कराच्या 60 पॅरा फील्ड अँब्युलन्सच्या तुकडीने 23 मार्च 1951 ला मुनसान-नी इथे उडी घेतली ती अमेरिकी 187 व्या हवाई रेजिमेंटसोबत. त्यासाठी वेगळ्या आकृत्या हव्यात, नुसते डिकॅल बदलून भागत नाही.

मुंबईत पावसाळ्यात काम काढणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. दमट हवेत स्प्रे प्राइमर पांढरा पडतो, म्हणून एसी खोलीत किंवा उघडीप बघून मारा. सुपरग्लूची पांढरी झाकही स्टेनच्या काळ्या धातूवर लगेच दिसते. बारीक जोडांना इपॉक्सी वापरलेलं बरं.