मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलताना : जुनी विंडोज हलवावी, फॉरमॅट मारावे की नवी एसएसडी घ्यावी?

एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, चौथ्या पिढीचा कोअर आय५, आठ जीबी डीडीआर३ रॅम आणि मधल्या काळात बसवून घेतलेली साटा एसएसडी, अशी दहा-बारा वर्षांपूर्वीची जुळणी आजही अनेक घरांत आणि दुकानांत निमूटपणे काम करत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि विंडोज ११ साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचे इंटेल प्रोसेसरच अधिकृतपणे स्वीकारते. त्यामुळे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकदम बदलण्याचा प्रश्न अनेकांसमोर आला आहे. त्यासोबत हमखास विचारला जाणारा दुसरा प्रश्न म्हणजे, 'माझा डेटा राहील का?'

डेटा राहतो. फायली डिस्कवर असतात, बोर्डावर नव्हे, आणि बोर्ड काढल्याने त्यांतले एक अक्षरही पुसले जात नाही. बोर्डाशी बांधलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत : कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारी) डिस्क उघडणारी किल्ली, विंडोजचा आणि इतर सॉफ्टवेअरचा परवाना, आणि संगणक सुरू होण्याची पद्धत. म्हणून निवड करताना स्वतःला विचारायचे ते असे की, आपल्याला केवळ फायली टिकवायच्या आहेत की वर्षानुवर्षे बसवलेली सगळी मांडणीच जशीच्या तशी हवी आहे. पुढील तीनही मार्गांत बाहेरच्या डिस्कवर घेतलेला आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिलेला बॅकअप गृहीत धरला आहे.

पहिला मार्ग : जुनी डिस्क, जुनी विंडोज, नवा बोर्ड

विंडोज ७ च्या काळात हा मार्ग जवळजवळ बंदच होता, कारण डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर जुळला नाही की निळ्या पडद्यावर ७बी क्रमांकाची चूक दाखवून यंत्र पुन्हा पुन्हा सुरू होत राही. विंडोज १० आणि ११ मात्र पहिल्या सुरुवातीला नवे हार्डवेअर स्वतः ओळखून घेतात आणि बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत नेहमीचा डेस्कटॉप समोर येतो. इंटेलवरून एएमडीवर जातानाही हे शक्य होते. सॉफ्टवेअर, फॉन्ट, प्रिंटर, ब्राउझरमधले पासवर्ड यांतले काहीही नव्याने बसवावे लागत नाही, हे या मार्गाचे खरे आकर्षण आहे.

अडचण येते ती बूट, म्हणजे संगणक सुरू होण्याच्या, पद्धतीची. जुन्या जुळणीत डिस्क बहुधा एमबीआर (भाग नोंदवण्याची जुनी पद्धत) प्रकारची आणि विंडोज लेगसी, म्हणजे जुन्या बूट पद्धतीने बसवलेली असते, तर नवे बोर्ड यूईएफआय ही नवी बूट पद्धत आणि जीपीटी (भाग नोंदवण्याची नवी पद्धत) डिस्कची अपेक्षा करतात. इंटेलच्या ५०० मालिकेपासून पुढच्या बोर्डांवर अंगभूत ग्राफिक्स वापरून लेगसी बूट होतच नाही. यावर मायक्रोसॉफ्टने २०१७ साली विंडोज १० सोबत दिलेले एमबीआर२जीपीटी हे साधन आहे, जे डिस्क न पुसता तिचा प्रकार बदलते. मात्र त्याला डिस्कवर जास्तीत जास्त तीन प्रायमरी, म्हणजे मुख्य, पार्टिशन (डिस्कचे भाग) चालतात आणि लॉजिकल, म्हणजे एका मोठ्या भागाच्या पोटात केलेले, पार्टिशन अजिबात चालत नाही. आपल्याकडे जुळणी करून देणाऱ्यांनी एकाच डिस्कचे सी, डी, ई, एफ असे चार भाग करून देण्याची पद्धत होती आणि त्यांतले शेवटचे दोन-तीन भाग हमखास लॉजिकल असतात. अशा डिस्कवर हे साधन पहिल्याच तपासणीत नकार देते. मग त्या भागांतला डेटा दुसरीकडे हलवून ते भाग काढून टाकावे लागतात आणि मार्ग एकाएकी लांबचा होतो.

रूपांतर करायचेच असेल, तर ते जुन्या बोर्डावरच करावे. एच८१ च्या बहुतेक बोर्डांना यूईएफआय आहे. त्यामुळे रूपांतरानंतर बायॉसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) पद्धत बदलून जुन्या बोर्डावरच विंडोज उघडते का, हे पाहता येते आणि मगच पेचकस हातात घेता येतो. दोन बदल एकाच दिवशी केले आणि पडदा काळा राहिला, तर चूक कोणत्या बदलाची हे शोधणे कठीण जाते.

दुसरी अडचण कुलपाची. डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कूटबद्ध करणारे साधन) चालू असेल, तर त्याची किल्ली जुन्या बोर्डाच्या टीपीएम या सुरक्षा भागात असते आणि नव्या बोर्डावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन असू शकते, पण आहे की नाही हे बोर्ड काढण्याआधी पाहावे. शक्य असल्यास डिस्क आधीच पूर्ण उलगडून, म्हणजे तिची कूटबद्धता काढून, घ्यावी. आपण बिटलॉकर कधी चालू केले नव्हते, असे म्हणणाऱ्यांनीही सेटिंगमध्ये एकदा पाहिलेले बरे, कारण विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती नव्याने बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कूटबद्ध होते. त्याच टीपीएमला विंडोजचा पिनही बांधलेला असतो. रोज चार आकडी पिन टाकून आत जाणाऱ्याला नव्या बोर्डावर खात्याचा मूळ पासवर्ड लागतो, आणि तो कित्येकांना आठवत नाही. एएमडीच्या काही बोर्डांवर तर केवळ प्रोसेसर बदलला तरी टीपीएम नव्याने मांडायचा का, असा प्रश्न सुरुवातीलाच येतो; बिटलॉकर चालू असताना त्याला विचार न करता होकार देऊ नये.

तिसरी गोष्ट परवान्याची. रिटेल (वेगळा विकत घेतलेला) परवाना नव्या बोर्डावर नेता येतो. तयार संगणकासोबत आलेला ओईएम परवाना त्या बोर्डापुरता असतो आणि मायक्रोसॉफ्टच्या दृष्टीने नवा बोर्ड म्हणजे सामान्यतः नवा संगणक. कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर या आज्ञेपुढे स्लॅश देऊन डीएलआय (slmgr /dli) लिहून चालवले की आपला प्रकार कोणता, हे दिसते. रिटेल असेल, तर बोर्ड बदलण्याआधी परवाना मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवावा, म्हणजे नंतर अॅक्टिव्हेशन ट्रबलशूटरमध्ये 'हार्डवेअर नुकतेच बदलले' हा पर्याय वापरता येतो.

दुसरा मार्ग : त्याच डिस्कवर सी ड्राइव्ह फॉरमॅट मारणे

दुकानात संगणक नेला की बहुधा हाच मार्ग सुचवला जातो, आणि तो सर्वांत स्वस्त आहे यात वाद नाही. माझ्या मते मात्र तीन मार्गांत सर्वांत धोक्याचा हाच आहे, कारण जपायचा डेटा आणि पुसायचा भाग एकाच डिस्कवर शेजारी शेजारी असतात. विंडोज बसवतानाच्या पडद्यावर सी, डी ही अक्षरे दिसत नाहीत. दिसतात ती 'ड्राइव्ह ०, पार्टिशन २' अशी नावे आणि आकार, आणि तेही ५०० जीबीची डिस्क ४६५ जीबी व एक टीबीची डिस्क ९३१ जीबी म्हणून. सी आणि डी दोन्ही साधारण सारख्याच आकाराचे केलेले असतील, तर ओळखायला खूण उरत नाही. म्हणून आधीच प्रत्येक भागाला नाव द्यावे आणि आकार कागदावर उतरवून घ्यावेत.

शिवाय डिस्क एमबीआर असेल, तर यूईएफआय पद्धतीने बसवताना विंडोज तिच्यावर बसायलाच नकार देते आणि संपूर्ण डिस्क पुसून जीपीटी करण्याचा मोह तिथेच होतो. तो मोह डी ड्राइव्हलाही घेऊन जातो. फॉरमॅट न मारता त्याच भागावर विंडोज बसवली, तर जुने सगळे 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरात जाते हे खरे. पण तो फोल्डर कायमचा राहील असे धरून चालू नये, त्यातल्या फायली लगेच बाहेर काढाव्यात.

तिसरा मार्ग : नव्या एसएसडीवर नवी विंडोज, जुनी डिस्क जशीच्या तशी

नव्या बोर्डावर एम.२ चा खाचा (छोटी एसएसडी थेट बोर्डावर बसवायची जागा) असतोच, आणि एवढा खर्च करताना त्यात बसणारी एक एनव्हीएमई एसएसडी वाढवणे बहुतेकांना परवडते. नवी विंडोज तिच्यावर बसवायची आणि जुनी डिस्क नंतर साटा केबलने जोडून हव्या त्या फायली उतरवायच्या. दुय्यम म्हणून जोडलेली जुनी डिस्क एमबीआर असली तरी काही बिघडत नाही, ती तशीच वाचली जाते. काही चुकले तर जुनी डिस्क अस्पर्श असते आणि जुना बोर्ड चालू असेल तर अर्ध्या तासात पूर्वस्थितीला परतता येते; ही मोकळीक दुसऱ्या मार्गात नाही आणि पहिल्यात अर्धवट आहे.

यात एकच पथ्य कडक आहे : विंडोज बसवताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी. दोन्ही डिस्क जोडलेल्या असल्या तर विंडोज आपला बूटचा भाग कधी कधी दुसऱ्याच डिस्कवर टाकते, आणि पुढे जुनी डिस्क काढली की नवी सुरूच होत नाही. एम.२ खाच्यात एसएसडी बसवल्यावर काही बोर्डांवर एखादे साटा पोर्ट बंद होते, हेही मॅन्युअलमध्ये पाहून घ्यावे, नाहीतर जुनी डिस्क दिसत नाही म्हणून उगाच घाबरगुंडी उडते. काही इंटेल बोर्डांवर व्हीएमडी (डिस्क हाताळण्याची इंटेलची एक सोय) चालू असले, तर उलट नवी एसएसडीच दिसत नाही. ते बंद करावे किंवा त्याचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर सोबत घ्यावा. लॅन आणि वाय-फायचे ड्रायव्हरही त्याच पेन ड्राइव्हवर असावेत, कारण विंडोज ११ बसवतानाच इंटरनेट मागते.

जुन्या डिस्कवरचा यूझर्स फोल्डर उघडताना परवानगी नाही असा संदेश येतो. 'कंटिन्यू' दाबून थोडा वेळ थांबले की तो उघडतो. डेस्कटॉप वनड्राइव्हशी जोडलेला असेल, तर तिथल्या काही फायली डिस्कवर नसून केवळ ऑनलाइन असू शकतात, एवढे ध्यानात ठेवावे.

फायलींच्या पलीकडचा डेटा

दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गात जे मागे राहते, ते डॉक्युमेंट्स फोल्डरात सापडत नाही. क्रोमचा प्रोफाइल फोल्डर उचलून नव्या विंडोजमध्ये ठेवला, तरी जतन केलेले पासवर्ड उघडत नाहीत, कारण ते जुन्या विंडोजच्या वापरकर्त्याच्या किल्लीने बंद केलेले असतात; आधी सिंक करावे किंवा पासवर्डची फाइल बाहेर काढून घ्यावी. टॅली वापरणाऱ्यांनी कंपनीचा डेटा नेमका कोणत्या फोल्डरात आहे ते पाहून त्याची प्रत घ्यावी आणि परवाना जुन्या यंत्रावरून 'सरेंडर' (परत जमा) करावा, म्हणजे नव्यावर तो सुरळीत चालू होतो. हे पहिल्या मार्गालाही लागू आहे, कारण परवान्याच्या दृष्टीने विंडोज तीच असली तरी यंत्र बदललेले असते.

सर्वांत जास्त फटका बसतो तो मराठी डीटीपी करणाऱ्यांना. श्रीलिपी, सुरेख, शिवाजी अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत केलेल्या फायलींमध्ये मुळात रोमन अक्षरांचेच संकेत असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. लग्नपत्रिकांच्या शेकडो फायली डी ड्राइव्हवर सुखरूप असतात, पण सी ड्राइव्हवरचा फॉन्टचा फोल्डर फॉरमॅटमध्ये गेला की त्याच फायलींत इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. फॉन्टचा फोल्डर वेगळा उतरवून घेणे हे पाच मिनिटांचे काम आहे. त्याच दुकानात एखादे जुने सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉकवर (पोर्टाला लावायच्या परवान्याच्या उपकरणावर) चालत असेल आणि ते लॉक प्रिंटरच्या समांतर पोर्टाचे असेल, तर नव्या बोर्डावर ते पोर्ट आहे का, हे खरेदीआधीच पाहावे. बहुतेक बोर्डांवर ते आता नसते.

कोणी काय निवडावे

घरगुती वापर, विद्यार्थी, ऑफिसची साधी कामे यांच्यासाठी तिसरा मार्ग निःशंक घ्यावा. ज्यांची सॉफ्टवेअर पुन्हा बसवण्याजोगी नाहीत, म्हणजे सीडी हरवली आहे, विक्रेता राहिलेला नाही किंवा मांडणी करणारा माणूस सोडून गेला आहे, त्यांनी पहिला मार्ग घ्यावा, पण मूळ डिस्कवर नव्हे : तिची हुबेहूब प्रत नव्या एसएसडीवर काढावी आणि सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत. दुसरा मार्ग फक्त त्यांनी घ्यावा, ज्यांचा संपूर्ण डेटा आधीच दुसरीकडे आहे. लिनक्स वापरणाऱ्यांना ही चिंता कमी आहे. बहुतेक ड्रायव्हर कर्नलमध्येच असल्याने तीच डिस्क नव्या बोर्डावर सहसा उघडते. बोर्डाच्या रेडवर (अनेक डिस्क एकत्र चालवण्याच्या सोयीवर) दोन डिस्क जोडलेल्या असतील, तर मात्र इंटेलचा रेड एएमडीच्या बोर्डावर वाचला जाईल असे धरू नये.

खरेदीत दोन गोष्टी डेटाशी थेट संबंधित आहेत. नवा पॉवर सप्लाय घेतला, तर जुन्याच्या सुट्या केबल त्याला लावू नयेत. प्लग बसला तरी आतली तारांची मांडणी वेगळी असू शकते आणि डिस्क जळू शकते, जे बोर्ड बदलल्याने कधीच होत नाही. रॅम पहिल्या दिवशी मूळ वेगावर चालवावी आणि एक्सएमपी किंवा एक्सपो हे रॅमचा वेग वाढवणारे सेटिंग नंतर चालू करावे, कारण अस्थिर रॅममधून उतरवलेल्या फायली गुपचूप खराब होतात. एएमडीच्या एएम५ बोर्डावर डीडीआर५ रॅमची पहिली जुळवणी होताना पडदा काही मिनिटे काळा राहतो. त्या वेळी वीज तोडू नये. आणि ज्यांच्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही, त्यांनी नावात 'एफ' असलेला इंटेल प्रोसेसर थोडा स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये, त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते.

जुना बोर्ड आधीच बंद पडला असेल, तर हिशेब थोडा बदलतो, कारण परवाना सरेंडर करणे, पासवर्ड बाहेर काढणे, बिटलॉकर उलगडणे ही पूर्वतयारी करायला यंत्रच उरलेले नसते. अशा वेळी तिसराच मार्ग घ्यायचा असला, तरी आधी जुनी डिस्क एकटी नव्या बोर्डावर लावून विंडोज उघडते का पाहावे आणि उघडली तर त्या राहिलेल्या कामांपैकी जमतील तेवढी तिथेच उरकून घ्यावीत. लेगसी बूटमुळे ती उघडत नसेल, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात एच८१ चे बोर्ड शोधल्यास मिळू शकतात. तसा एखादा बोर्ड जुन्याच प्रोसेसरसह आणि रॅमसह चार दिवसांसाठी उसना मिळाला, तरी हे काम होते. विंडोज ११ च्या दृष्टीने तो बोर्ड कायमचा घेण्यात मात्र अर्थ नाही.