पिकअपच्या हौद्यात कार्पेटचे अस्तर : दहा महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या सागवानी फर्निचरची दुरुस्ती आणि पॉलिश हा माझा व्यवसाय आहे. कारखाना रबाळ्याला, घर नेरूळला, आणि गिऱ्हाईक बहुतेक ठाण्याचे, त्यातही नौपाड्याचे. तिथल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला जाऊ लागल्यापासून, आजोबांचे कपाट टाकवत नाही आणि आहे त्या अवस्थेत नव्या घरात नेववतही नाही, अशी मंडळी आमच्याकडे येतात. ने-आण करण्यासाठी माझ्याकडे इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप आहे. सुट्टीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन फिरता यावे आणि एरवी मागे सामान भरता यावे, या दुहेरी हिशोबाने ती घेतली होती. हौद्याचा तळ उघड्या पत्र्याचा असल्यामुळे तीन आठवडे खपून केलेले पॉलिश शेवटच्या तासाभराच्या प्रवासात खरवडले जाण्याचे प्रसंग मात्र वारंवार येऊ लागले. गोधड्या अंथरून पाहिल्या. त्या दुसऱ्याच गतिरोधकाला गोळा होऊन एका कोपऱ्यात जाऊन बसत.

अस्तराचे तीन प्रकार मी विचारात घेतले होते. पहिला म्हणजे कडक प्लॅस्टिकचा तयार साचा, जो हौद्यात नुसता बसवायचा असतो. तो मार खायला उत्तम, पण वरून इतका गुळगुळीत की त्यावर कपाट ठेवले तर ते घसरगुंडी खेळणार. शिवाय प्लॅस्टिक आणि पत्रा यांच्यामध्ये माती आणि पाणी अडकले की गाडीच्या थरथरीने खालचा रंग हळूहळू घासला जातो आणि तो गंज वरून दिसतही नाही. दुसरा प्रकार फवाऱ्याने मारायच्या पॉलियुरेथेनच्या जाड थराचा. तो पत्र्याला कायमचा चिकटतो, त्यामुळे खाली पाणी जाण्याचा प्रश्नच उरत नाही. पण त्याचा पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत असतो, आणि पॉलिश केलेले लाकूड पॉलिश पेपरवर कोण ठेवील? उरला तिसरा प्रकार, कार्पेटचा. अमेरिकेत पिकअपच्या प्रत्येक मॉडेलच्या मापाची, साच्यातून काढलेली अशी अस्तरे तयार मिळतात. वरून ती गालिच्यासारखी दिसत असली तरी पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची असतात, खाली फोम असतो आणि ती वेल्क्रोने धरून ठेवलेली असतात. माझ्या गाडीच्या मापाचे तसे अस्तर मला इथल्या दुकानांत मिळाले नाही, म्हणून ते शिवून घ्यावे लागले.

शिवून घेण्याचा हा माझा दुसरा प्रयत्न होता, आणि पहिल्याची हकिकत सांगितल्याशिवाय दुसऱ्याचे मोल कळणार नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये एका दुकानातून मी हौद्यात प्लायवूड टाकून त्यावर करड्या रंगाचे नॉन-वोव्हन कार्पेट चिकटवून घेतले होते. लग्नाच्या मांडवात अंथरतात त्याच जातीचे, फक्त थोडे जाड. साडेसहा हजार रुपये लागले आणि महिनाभर ते फार देखणे दिसले. जुलैमध्ये त्याला कुबट वास येऊ लागला, ऑगस्टमध्ये प्लायवूडचे पदर सुटले आणि गणपतीनंतर ते उखडून काढले तेव्हा खालच्या पत्र्यावर ठिकठिकाणी तळहाताएवढे गंजाचे डाग होते. वास्तविक लाकडाचा धंदा करणाऱ्या माणसाने बाहेरच्या हवेत साधे प्लायवूड टाकायला नकार द्यायला हवा होता. तो मी दिला नाही, त्याचा दोष दुकानदारापेक्षा माझाच अधिक आहे.

पुढे ठाण्यात सीटकाम करणारे एक वयस्कर कारागीर भेटले. मी नमुन्यांवरून हात फिरवत मऊपणा पाहत होतो. ते म्हणाले, "दादा, कार्पेट वरून काय बघताय? उलटं करा आणि पाठ बघा." या एका वाक्याचा अर्थ मला पुढे दहा महिने कळत राहिला. ज्या कार्पेटच्या पाठीला ताग, कापूस किंवा उघड्या छिद्रांचा स्पंजासारखा फोम असतो, ते वरून कितीही भारी असले तरी आपल्या हवेत हौद्यात टाकण्याच्या लायकीचे नसते. पाठ बंद छिद्रांच्या फोमची हवी. अशा फोममधला प्रत्येक बुडबुडा स्वतंत्रपणे बंद असतो, म्हणून पाणी एकातून दुसऱ्यात झिरपत जात नाही. ओळखण्याची रीतही त्यांनीच दाखवली: फोमचा तुकडा पाण्यात बुडवून मुठीत दाबायचा आणि पिळून काय निघते ते पाहायचे. आम्ही दहा मिलिमीटर जाडीचा क्रॉस-लिंक पॉलिइथिलीन फोम आणि त्यावर पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याचे आखूड केसांचे कार्पेट निवडले. शिलाई, वेल्क्रो आणि मजुरी धरून सतरा हजार आठशे रुपये झाले.

बसवण्याचे काम फेब्रुवारी २०२५ मध्ये केले, आणि महिना मुद्दाम निवडला होता. चिकटपट्टीला कोरडा पत्रा लागतो, आणि फेब्रुवारीत तो सहज मिळतो. हौदा साबणाने धुऊन दोन दिवस उन्हात ठेवला. जुने गंजाचे डाग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासून त्यावर झिंक प्रायमरचे दोन हात आणि वर रंग दिला. पाणी जायची भोके तारेने साफ केली. मग तपकिरी कागदावर प्रत्येक बाजूचा खाका काढला. तळ, केबिनच्या मागची भिंत, दोन्ही बाजू आणि मागचा उघडणारा फाळका असे पाच तुकडे झाले. चाकांवरचे फुगवटे कागदावर उतरवणे हा या कामातला सर्वांत कटकटीचा भाग असून, आमचे दोन कागद तिथेच फुकट गेले. दोर अडकवायच्या कड्यांसाठी जागा सोडल्या. तळ आणि फाळका यांच्या सांध्यावर फोम न घालता फक्त कार्पेटची पट्टी ठेवली, म्हणजे फाळका उघडताना ते बिजागरीसारखे वाकते आणि फट झाकली गेल्यामुळे भुसा आत जात नाही.

तळाचा तुकडा पूर्ण चिकटवायचा नाही, हे आम्ही आधीच ठरवले होते. हौद्याच्या तळाला लांबीच्या दिशेने पन्हळी असतात आणि फोम त्यांच्या फक्त उंच कण्यांवर टेकतो. मधल्या खोलगट भागातून पाणी मागे वाहत जाते. तळभर सोल्युशन लावून कार्पेट चिकटवले की त्या पन्हळीच बुजतात. म्हणून फक्त कडेने वेल्क्रो लावला. पट्टी लावण्याआधी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला आणि नंतर तीन दिवस हौद्यात काहीही ठेवले नाही, कारण अशा चिकटपट्टीला पूर्ण पकड यायला एक ते तीन दिवस लागतात. एवढे करूनही मेमध्ये डाव्या बाजूचा वेल्क्रो दोन ठिकाणी सुटला. गाडी दिवसभर कारखान्याबाहेर उन्हात उभी असते, पत्र्याला हात लावणे अवघड होते, आणि त्या उष्णतेत चिकटपट्टी मऊ पडली. दुप्पट रुंदीची पट्टी लावल्यापासून तो भाग पुन्हा सुटलेला नाही. पहिल्यापासूनच रुंद पट्टी घ्यावी, असे आता वाटते.

खरी परीक्षा पावसाळ्याची होती आणि त्या वर्षी ती लवकर आली. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला तेव्हा मी अजून ताडपत्रीच्या नव्या कड्या बसवून घेण्याच्या विचारात होतो. पॉलिप्रॉपिलीनचा धागा पाणी शोषत नाही, हे खरे आहे. परंतु धागा पाणी शोषत नाही म्हणजे कार्पेट लवकर वाळते, असा जो अर्थ मी काढला होता, तो चुकीचा निघाला. पाणी धाग्याच्या आत शिरत नसले तरी धाग्यांच्या मध्ये धरून राहते, आणि जुलैच्या दमट हवेत छपराखाली उभ्या केलेल्या गाडीतले भिजलेले कार्पेट हाताला कोरडे लागायला जवळजवळ दोन दिवस घेते. ऑक्टोबरच्या उन्हात तेच काम अर्ध्या दिवसात होते. त्यामुळे पावसाळ्यात पॉलिश केलेला माल न्यायचा असेल तर मी अजूनही वर जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरतो. कार्पेट असूनही प्लॅस्टिक अंथरावे लागते, हे ऐकून आमचे मिस्त्री अजून हसतात.

१८ आणि १९ ऑगस्टच्या मुसळधार पावसात गाडी दोन्ही दिवस सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभी होती. २० तारखेला वेल्क्रो सोडून तळाचा तुकडा उचलला, तेव्हा मनात मागच्या वर्षीचा पत्राच होता. खाली बहुतेक सर्व पन्हळी मोकळ्या निघाल्या. फक्त उजवीकडच्या दोघींत बोटभर पाणी साचले होते, कारण झाडाची पाने जाऊन भोकात बसली होती. गंज नव्हता आणि फोमची पाठ पुसताच कोरडी झाली. तेव्हापासून पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी मागची कड उचलून भोके पाहण्याची सवय लावून घेतली आहे. अस्तर कायमचे चिकटवलेले असते तर हे करता आले नसते, आणि साचलेले पाणी कळलेही नसते. वास मात्र सप्टेंबरमध्ये थोडा आला. तो धाग्याचा नसून त्यात मुरलेल्या मातीचा होता. सौम्य साबणाने धुतल्यावर गेला.

आता पकडीविषयी. कपाट, टेबल, पाळण्याच्या कड्या, जे काही ठेवाल ते ठेवल्या जागी राहते. घसरण जवळजवळ संपली आहे. मात्र यातून एक धोका निर्माण झाला, जो मला आधी सुचला नव्हता. गुळगुळीत तळावर ब्रेक लागला की कपाट पुढे सरकते. कार्पेटवर त्याचे पाय रोवून बसतात, आणि मग उंच वस्तू सरकण्याऐवजी कलंडते. मार्चमध्ये ऐरोलीच्या सिग्नलला एका रिक्षाने अचानक वळण घेतले, मी ब्रेक दाबला आणि मागचे साडेपाच फुटी कपाट केबिनच्या काचेकडे झुकले. बांधलेले होते म्हणून वाचले, पण बांधले होते कमरेएवढ्या उंचीवर. तेव्हापासून रॅचेटचा एक पट्टा कपाटाच्या वरच्या तृतीयांशावरून घेतो, आणि शक्य असेल तिथे कपाट पाठीवर आडवे ठेवतो.

चढवता-उतरवताना हीच पकड उलट त्रास देते. पूर्वी एक माणूस वर चढून ओढायचा आणि टेबल सरकत आत यायचे. आता ते फाळक्यावरच हटून बसते. यावर आम्ही सनमायकाचा दीड फूट रुंद तुकडा ठेवला आहे. चकचकीत बाजू वर करून तो अंथरायचा, त्यावरून सामान आत ढकलायचे आणि शेवटी एक बाजू उचलून तुकडा ओढून काढायचा. काम सोपे होते, आणि कार्पेटचे केसही उपटले जात नाहीत.

माझ्या धंद्यापुरती आणखी एक गोष्ट. चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश उष्णतेने मऊ होते. एप्रिलमध्ये चार दिवसांपूर्वी पॉलिश केलेली एका देवघराची फळी मी मऊ म्हणून थेट कार्पेटवर पालथी ठेवली, आणि ठाण्याला पोहोचेपर्यंत तिच्यावर धाग्यांचा नाजूक ठसा उमटला होता. फळी परत आणून पुन्हा हात मारावे लागले. ओरखडे न पडणे आणि ठसा न उमटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि अस्तर फक्त पहिलीची काळजी घेते. ताज्या पॉलिशचा माल त्याच्या पायांवर किंवा कच्च्या बाजूवरच उभा राहिला पाहिजे.

तेलाचे प्रकरण याहून गंभीर आहे. पॉलिप्रॉपिलीन पाण्याला दूर ठेवते तितक्याच आवडीने तेलाला जवळ करते. जूनमध्ये बेलतेलाचा, म्हणजे उकळलेल्या जवसाच्या तेलाचा, डबा सांडला, त्याचा डाग तीन वेळा धुऊनही आजपर्यंत आहे. डागाचे दुःख नाही. पण बेलतेलाने भिजलेली चिंधी हवेतला प्राणवायू घेत वाळते, त्या क्रियेत उष्णता निर्माण होते, आणि चुरगळलेल्या बोळ्यातून ती बाहेर पडू शकली नाही तर चिंधी आपोआप पेटू शकते. पत्र्यावर ती पेटली तर फार तर रंग जळेल; १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळणाऱ्या कार्पेटवर आणि खाली फोम असताना काय होईल, ते सांगायला नको. आमच्याकडे आता तेलाच्या चिंध्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवूनच गाडीत चढतात.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात याच हौद्यातून हमरापूरहून बहिणीकडची शाडूची मूर्ती आणली. जिथे तुम्ही डबे आणि भंगार टाकता तिथे बाप्पांना बसवणार का, असा आईचा रोख सवाल होता. त्यामुळे कार्पेट धुऊन, वाळवून, त्यावर नवी चादर घातली आणि आईला मूर्तीशेजारी नाही तरी पुढच्या सीटवरून सतत मागे वळून पाहता येईल असे बसवले. वाटेतल्या खड्ड्यांतून मूर्ती कुठेही न दुखावता आली. त्यातले श्रेय फोमचे किती आणि ताशी तीस किलोमीटरच्या वेगाचे किती, हे मी आईसमोर बोललो नाही.

वाळू, विटा, सिमेंट किंवा तुर्भ्याच्या बाजारातून ओली भाजी आणणाऱ्यांनी या अस्तराच्या वाटेला जाऊ नये. सिमेंट धाग्यांत बसून घट्ट झाले की निघत नाही. माझ्यासारख्यांनाही लाकडाचा भुसा आणि तुटक्या चुका (बारीक खिळे) यांचा त्रास होतोच. भुसा व्हॅक्यूमने निघतो, चुका मात्र केसांत लपतात आणि गुडघ्याला सापडतात, म्हणून महिन्यातून एकदा लोहचुंबक फिरवतो. एरवी गुडघ्यांना या अस्तराने जे सुख दिले आहे, ते मला पंचेचाळिशीनंतर सर्वांत मोलाचे वाटते: रांगत आत जाऊन पट्टे बांधताना पन्हळींचे वळ उमटत नाहीत आणि मेमध्ये हात भाजत नाहीत.

दहा महिन्यांत बाजूचे तुकडे नव्यासारखे राहिले आहेत, रंगही फारसा उडालेला नाही. फाळक्याजवळची वीतभर पट्टी, जिच्यावरून सगळे सामान आत-बाहेर होते, तेवढी केस झडून टक्कल पडल्यासारखी झाली आहे. पाचही तुकडे सुटे असल्यामुळे फाळक्याचा एकच तुकडा बदलता येतो. कारागिरांनी त्याचे अठराशे रुपये सांगितले असून, जानेवारीत तो बदलून घेणार आहे. या वेळी त्या कडेवर रबराची चपटी पट्टी शिवून घ्यायची, एवढाच फरक करणार आहे.