टर्बोच्या एक्झॉस्टला कोटिंग: सिलिकॉन पेंट, सिरॅमिक की रॅप?

टर्बो गाडीच्या एक्झॉस्टला कोटिंग करायचं म्हटलं की बहुतेक जण डब्यावरचा तापमानाचा आकडा बघतात. माझं ठाम मत असं की आधी पार्ट बघा, डबा नंतर. पेट्रोल टर्बोत पूर्ण लोडवर टर्बाइनमध्ये (टर्बोतलं एक्झॉस्टच्या वायूवर फिरणारं चाक) शिरणारा वायू ९५० ते १,०५० अंश सेल्सिअसपर्यंत जातो. डिझेलमध्ये तो साधारण ७५० ते ८५० असतो. टर्बाइन ओलांडला की शंभरेक अंश उतरतात आणि सायलेन्सरपर्यंत आणखी बरेच. त्यामुळे एकच कोटिंग सगळीकडे चालेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

सिलिकॉन रेझिनचा हीटप्रूफ पेंट सगळ्यात स्वस्त. चांगला अ‍ॅल्युमिनियमयुक्त पेंट ६०० अंशांच्या आसपास टिकतो, पण तो टप्प्याटप्प्याने तापवून पक्का करावा लागतो. नुसता वाळवून भागत नाही. मागचा पाइप, सायलेन्सर, ब्रॅकेट यांना हाच घ्या. वाशी-ऐरोलीसारख्या खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत साध्या लोखंडी पाइपचा गंज लांबवायला तो पुरतो. पेट्रोल गाडीच्या टर्बाइन हाउसिंगवर (टर्बाइनभोवतीच्या ओतीव कवचावर) मात्र तो पांढरा पडून सुटतो. शिवाय तो उष्णता अडवत नाही, फक्त पृष्ठभाग सांभाळतो.

सिरॅमिकमध्ये दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. (गाडीच्या बॉडीला चमक यावी म्हणून मारतात ते सिरॅमिक कोटिंग इथे कामाचं नाही.) पहिला प्रकार स्प्रे गनने मारायचा पातळ थर, साधारण २५ ते ५० मायक्रॉनचा. गंजापासून उत्तम बचाव, दिसायला नीटनेटका, आणि पृष्ठभागातून बाहेर फेकली जाणारी उष्णता काही प्रमाणात कमी. दुसरा प्लाझ्मा स्प्रेचा: आधी निकेल-क्रोमियमचा बाँड कोट (पकड देणारा थर), त्यावर इट्रिया मिसळलेलं झिर्कोनिया हे सिरॅमिक, दोनशे-तीनशे मायक्रॉन जाडीपर्यंत. विमानाच्या जेट इंजिनांतल्या गरम भागांवर हेच तंत्र असतं. या थराची उष्णतावाहकता ओतीव लोखंडाच्या मानाने कितीतरी पट कमी, म्हणून खरा अडसर हाच. पण खर्च मोठा, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातला प्रत्येक पावडर कोटिंगवाला हे करतो असं समजू नका. साधं पावडर कोटिंग तर एक्झॉस्टवर जळून जातं, ते करूच नका.

उष्णता अडवून मिळतं काय? समजा तुम्ही गायमुखचा चढ जोरात चढून आलात आणि पुढे घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये उभे राहिलात. टर्बो तापलेला, बोनेटखाली वारा नाही, अशा वेळी आजूबाजूची वायरिंग, रबरी होज, प्लॅस्टिकचे पार्ट सगळे भाजतात आणि इंजिनात जाणारी हवाही तापते. टर्बाइन हाउसिंग आणि डाऊनपाइपला (टर्बोतून बाहेर पडणाऱ्या पहिल्या पाइपला) बाहेरून सिरॅमिक असेल तर इथे फरक पडतो. मात्र अडवलेली उष्णता धातूतच राहते, म्हणजे तो पार्ट जास्त तापतो. जुन्या, बारीक तडा गेलेल्या ओतीव मॅनिफोल्डवर (सिलिंडरांतला वायू गोळा करून टर्बोकडे नेणाऱ्या भागावर) कोटिंग करण्यात अर्थ नाही.

रॅप, म्हणजे काचतंतूची किंवा बेसाल्टची पट्टी, उष्णता अडवायला चांगली आणि घरी गुंडाळता येते. तरी रोजच्या गाडीला मी ती सुचवणार नाही. आपल्याकडे चार महिने पाऊस. पट्टी ओली राहते आणि पाइप आतल्या आत सडतो. वरून ऑइल गळत असेल तर भिजलेली पट्टी पेट घेऊ शकते. टर्बो ब्लँकेट, म्हणजे टर्बोवर चढवायचं उष्णतारोधक आवरण, त्यापेक्षा बरं, कारण पाहणीसाठी काढता येतं. पण ते फक्त टर्बाइन हाउसिंगवर हवं. मधल्या बेअरिंगच्या भागावर चढवलं तर तिथलं ऑइल जळून कार्बन धरतं.

ऑफिस-घर एवढंच चालवत असाल तर काहीच करू नका. कंपनीची हीट शील्ड जागेवर आहे ना, तिचे बोल्ट घट्ट आहेत ना, एवढं बघा. रिमॅप केलेली (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली) किंवा ट्रॅकवर नेत असलेली गाडी असेल तर डाऊनपाइपला पातळ सिरॅमिक करा आणि पैसे उरले तर ब्लँकेट घ्या. आधी गाडीला वेगळा मॅनिफोल्ड आहे का तेही बघा, फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयमध्ये तो सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो.

टर्बाइन हाउसिंगचं कोटिंग टर्बो रिबिल्डला उघडला असेल तेव्हाच करा. टर्बाइनच्या आधी आतल्या बाजूला काहीही मारू देऊ नका. टर्बाइन व्हील मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतं, सुटलेला एक कण त्याची पाती खराब करतो. कोटिंगआधी पृष्ठभाग खरवडायला मारतात ती ब्लास्टिंगची वाळूही तेवढीच घातक. म्हणून देताना सांगा: फ्लँज, आटे, वेस्टगेटची (जादा वायू टर्बाइनला टाळून सोडणाऱ्या झडपेची) बैठक, सेन्सरची जागा मास्क करायची, आधी तापवून ओतकामात मुरलेलं ऑइल काढायचं, आणि शेवटी हाउसिंग धुऊन हवेने साफ करायचं. मधला भाग वेगळा न काढता आख्खा टर्बोच ब्लास्टिंगला घालू म्हणाले, तर काम तिथे देऊ नका.