नेपल्सला उतरलात तर गाडीची पाटी बघून बसा

भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर जाणारी आपली मंडळी हल्ली बरीच दिसतात. त्यातल्या ज्यांचं जहाज नेपल्सला थांबणार आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. ऑगस्टमध्ये मी, बायको, दादा आणि वहिनी असे चौघं तिथं पद्धतशीर लुटले गेलो. पद्धतशीर म्हणतोय, कारण आम्ही ठरवलेल्या गाडीवाल्याच्या दिवसभराच्या कार्यक्रमात एकही गोष्ट सहज घडलेली नव्हती. कुठं किती वेळ घालवायचा आणि पैशांचं तोंड नेमकं कधी उघडायचं, सगळं आधीच घोटून ठेवलेलं.

आधी जागा समजून घ्या. जहाज लागतं ते स्तात्सिओने मारीत्तिमा या धक्क्याला, अगदी शहराच्या पोटात. बाहेर पडलं की समोर कास्तेल नुओवो हा बुरुजांचा काळा किल्ला. पण बहुतेकांना नेपल्स बघायचंच नसतं. त्यांना हवा असतो अमाल्फीचा किनारा. डोंगराच्या कड्यात कोरलेला एसएस १६३ हा रस्ता, एका बाजूला लिंबाच्या बागांच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूला सरळ खाली समुद्र. युनेस्कोच्या यादीत हा किनारा १९९७ साली गेला. रस्ता इतका अरुंद आणि वळणावळणाचा आहे की लांबलचक बसना तिथं मज्जावच आहे. म्हणून लोक चौघां-सहांची खासगी गाडी ठरवतात, आणि त्यात गैर काहीच नाही. जहाजाच्या स्वतःच्या सहलींचे दर माणशी असतात. चौघांचे मिळून होणारे पैसे बघितले की गाडी स्वस्तच पडते, वर हवं तिथं थांबता येतं.

आम्हालाही एका संकेतस्थळावर असाच एक जण सापडला. काळी मर्सिडीज व्हॅन, हसरे परदेशी प्रवासी, पाच-पाच चांदण्यांचे अभिप्राय. पुढचं बोलणं व्हॉट्सॲपवर. ‘अमाल्फी कोस्ट, फुल डे, फोर पॅसेंजर्स, ४८० युरो’ असा निरोप आला. सोरेंतो, पोझितानो, अमाल्फी आणि वर डोंगरातलं रावेल्लो, सगळं त्यात. ९६ युरो आगाऊ कार्डावर, उरलेले रोख, दिवसाच्या शेवटी. दादा बँकेत आयुष्य काढलेला माणूस. त्यानं दोनदा विचारलं, आणखी काही लागेल का? उत्तर आलं, ‘नथिंग एक्स्ट्रा माय फ्रेंड’.

जहाज सकाळी आठला लागलं. साडेपाचपर्यंत परत या, सहाला निघणार, असं आदल्या रात्रीच केबिनमध्ये कागदावर आलेलं. बाहेर आमचं आडनाव लिहिलेला पुठ्ठा घेऊन एक पन्नाशीचा माणूस उभा होता. गाडी मात्र काळी व्हॅन नव्हे, चंदेरी रंगाची साधी सात आसनी. व्हॅन बिघडलीय, ही माझ्या भावाची, म्हणाला. इंग्रजी कामापुरतं, पण पैशांची वेळ आल्यावर ते चांगलंच सुधारलं, ते पुढं येईलच.

पहिला मुक्काम बारा-पंधरा किलोमीटरवरच्या तोर्रे देल ग्रेकोत. हे गाव पोवळ्यांसाठी आणि शिंपल्यावरच्या कोरीवकामासाठी खरोखरच प्रसिद्ध आहे. दुकानात शिरल्याबरोबर दाराशी एक म्हातारे कारागीर बसलेले. लाकडी दांड्याच्या टोकाला डांबरासारख्या चिकट्यानं शिंपल्याचा तुकडा बसवलेला, हातात बारीक कोरणी. वरचा पांढरा थर खरवडत न्यायचा आणि खालच्या तपकिरी थरावर बाईचा चेहरा उठवायचा. काम बघत राहावं असं, त्याला नावं ठेवणार नाही. पण दहा मिनिटांत आतल्या काचेच्या दालनात नेलं आणि तिथं जवळजवळ तासभर आम्हाला सोडेनात. वहिनींनी एक गोष्ट टिपली. आम्ही आत जाताना काउंटरवरच्या मुलीनं आमच्या गाडीचा नंबर वहीत लिहून घेतला. आपल्याकडे आग्र्याला किंवा जयपूरला गेलेल्यांना ह्या वहीचा अर्थ वेगळा सांगायला नको. तेव्हा फक्त हसलो. म्हटलं, त्याचं कमिशन त्याला लखलाभ.

मग महामार्ग सोडून सोरेंतोकडं. वाटेत मोठा बोगदा लागतो, पोझ्झानोचा, पाचेक किलोमीटरचा. सोरेंतोत पोचल्यावर लाकडात लाकूड बसवून केलेल्या नक्षीच्या पेट्यांचं दुकान, मग लिमोंचेल्लोचं. तिथली लिंबं मात्र बघण्यासारखी, काही तर आपल्याकडच्या महाळुंगाएवढी. लिमोंचेल्लो म्हणजे त्यांच्या सालीचं गोड मद्य. दादानं चाखलं, वहिनींनी डोळे वटारले. मग ‘माझ्या चुलतभावाचं’ हॉटेल. भाव असलेलं मेन्यूकार्ड शेवटपर्यंत आलं नाही, बिल तेवढं आलं. जेवण चांगलं होतं की वाईट ह्यात जात नाही, पावणेदोन वाजले हे महत्त्वाचं. किनाऱ्याच्या रस्त्याला अजून आमचं चाकही लागलेलं नव्हतं.

डोंगर ओलांडून पलीकडं उतरलं की दक्षिणेचा समुद्र एकदम अंगावर येतो. खाली ली गाल्लीची तीन बेटं, जिथं ग्रीक पुराणातल्या सायरन नावाच्या मायावी स्त्रिया गाऊन खलाशांना भुलवायच्या अशी दंतकथा आहे. पोझितानोच्या अलीकडं एका वळणावर गाडी थांबवली. खाली डोंगरउतारावर एकावर एक रचलेली गुलाबी-पिवळी घरं, फोटोत असतात तश्शीच. पंधरा मिनिटं फोटो झाले. परत गाडीत बसलो आणि त्यानं गाडी आल्या वाटेनंच वळवली.

‘अमाल्फी?’

‘रोड क्लोज्ड. बिग रॉक, डाउन.’ दरड कोसळली म्हणे.

वहिनी खिडकीला होत्या. त्या मराठीतच म्हणाल्या, ‘अहो, रस्ता बंद आहे तर ही बस कुठून आली?’ समोरून अमाल्फीहून सोरेंतोला जाणारी सिटा या बस कंपनीची बस येत होती, आणि माणसांनी भरलेली. दादानं तेच इंग्रजीत विचारलं. उत्तर तयार होतं, ‘ओन्ली बस अलाऊड.’ पाठोपाठ दोन काळ्या व्हॅन आणि एक टॅक्सी आली, तेव्हा तो काही बोललाच नाही.

खरा प्रकार दुसराच होता, तो मला जहाजावर परतल्यावर कळला. रात्री जेवणाच्या टेबलावर ठाण्याचं एक कुटुंब भेटलं. तेही त्याच दिवशी खासगी गाडीनं गेले होते. अमाल्फीच्या संत आंद्रेआच्या कॅथेड्रलसमोरच्या उंच पायऱ्यांवर बसलेले त्यांचे फोटो, आणि फोटोवरची वेळ नेमकी आमची दरड कोसळल्याची! ते पुढं रावेल्लोला गेले, व्हिल्ला रूफोलोची बाग पाहिली आणि कियुंत्सीच्या घाटातून थेट महामार्गावर उतरून साडेचारला धक्क्यावर हजर. माहीतगार चालक असाच फिरवतो, जाताना किनारा आणि येताना घाट. त्याच रस्त्यानं परत येण्यात कोंडीत अडकायची भीती असते.

त्यांच्या चालकानं त्यांना सांगितलं ते असं. उन्हाळ्यातल्या गर्दीमुळे २०२२ पासून ह्या रस्त्यावर सम-विषम नंबरांचा नियम लागतो, आणि ऑगस्टमध्ये तर रोज. सकाळी १० ते संध्याकाळी ६. नियम लागू आहे तो पोझितानो ते व्हिएत्री सुल मारे एवढ्या पट्ट्यात. बस, टॅक्सी आणि परवानाधारक चालकासह भाड्याच्या गाड्या यांना सूट. म्हणजे आमच्यासमोरून आली ती प्रत्येक गाडी कायदेशीर आली होती आणि आमचा माणूस बरोबर नियम सुरू होतो त्याच्या अलीकडं थांबून मागं फिरला होता. त्याच्याकडे परवानाच नसणार. त्यानं तसं कबूल केलं नाही, हा माझा निष्कर्ष आहे, पण मला तरी दुसरं काही कारण सुचत नाही. सकाळपासूनची दुकानं, लांबवलेलं जेवण, हे कमिशनसाठी होतंच, पण दिवस संपवण्यासाठीही होतं. त्याला अमाल्फीला जायचंच नव्हतं.

आता मुख्य कारभार. परतीच्या वाटेवर, चार वाजून गेल्यावर, बंदर अजून वीसेक किलोमीटर असताना त्यानं महामार्गालगतच्या पेट्रोल पंपावर गाडी घेतली. पेट्रोल भरलं नाही. इंजिन बंद केलं, किल्ली हातात घेतली आणि मागं वळला. ‘नाऊ वुई मेक द अकाउंट.’ ४८० होते ते म्हणे एका जोडप्याचे. दोन जोडपी, ९६०. टोल आणि पार्किंगचे ६० वेगळे. आगाऊ दिलेले वजा करून ९२४ युरो. त्या महामार्गाचा टोल दोन-तीन युरोंचा असतो, पण ते वाद घालायचे आकडेच नव्हते. दादानं व्हॉट्सॲपवरचा निरोप काढून नाकासमोर धरला. तो माझ्या भावानं लिहिला, मला माहीत नाही, म्हणाला. दादा म्हणाला, पोलिसांना बोलावतो. त्यावर हा शांतपणे स्वतःचा फोन पुढं करून म्हणाला, ‘प्लीज, कॉल. ११२. दे कम इन वन अवर.’ आणि दुसऱ्या हातानं मनगटावरच्या घड्याळावर टकटक.

सगळा धंदा ह्या टकटकीवर चालतो. त्याला दमदाटी करावी लागली नाही, आवाजही चढवला नाही. जहाजाच्या अधिकृत सहलीची बस रस्त्यात अडकली तर जहाज थांबतं, निदान तुम्हाला पुढं पोचवायची जबाबदारी ते घेतात. तुम्ही स्वतः ठरवलेल्या गाडीसाठी जहाज थांबत नाही. चुकलं तर पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चानं जायचं, सामान आत, आमचे पासपोर्टही जहाजानं ठेवून घेतलेले. हे त्याला आपल्यापेक्षा जास्त पाठ असतं. तुमचं जहाज कुठलं, किती वाजता सुटतं, हे तो बुकिंगच्या वेळीच विचारून घेतो, आणि आपल्याला वाटतं की काळजीनं विचारतोय.

बायकोचं रक्तदाब वाढलेलं तोंड बघून दादानं घासाघीस केली. शेवटी चौघांच्या खिशातलं आणि वहिनींच्या बटव्यातलं मिळून ६५० युरो रोख दिले. त्यानं मोजले, किल्ली फिरवली आणि वाटेत मॅराडोनाबद्दल गप्पा मारत आम्हाला पाच वाजून दहा मिनिटांनी धक्क्यावर सोडलं. उतरताना हातही मिळवला.

तिथं सगळे चालक असे असतात असं अजिबात नाही, ठाणेकरांचा दिवस त्याच पैशांत सोन्यासारखा गेला. फरक ओळखायला आधी गाडीच्या मागं बघायचं. परवानाधारक भाड्याच्या गाडीला मागं नंबरप्लेटजवळ ‘एनसीसी’ असं लिहिलेली छोटी पाटी असते, त्यावर गावाच्या पालिकेचं चिन्ह आणि परवान्याचा क्रमांक. पुढच्या काचेवरही ‘नोलेज्जो’ अशी खूण. पाटी नसेल तर चालक कितीही हसरा असो, बसू नका. ‘व्हॅन बिघडली’ म्हणाला तर म्हणावं, पाटीवाली दुसरी आण. नेपल्सच्या पांढऱ्या टॅक्सीनं जायचं असेल तर तिच्यात पालिकेनं ठरवलेल्या ठोक दरांचा तक्ता असतो. पण तो दर गाडी हलायच्या आधी मागावा लागतो, नाहीतर मीटर चालू होतो.

लेखी काय घ्यायचं तेही सांगतो. रक्कम ‘संपूर्ण गाडीची’ हे शब्द, टोल-पार्किंग धरून. दुकानांचे थांबे नाहीत, हे स्पष्ट. अमाल्फीला किती वाजता पोचायचं आणि परत कुठल्या रस्त्यानं यायचं. आणि चालकाला जहाजाची खरी वेळ अजिबात सांगायची नाही, दीड-दोन तास अलीकडची सांगा. साडेपाचचं बंधन असेल तर साडेतीन म्हणा. मग त्यानं पंपावर गाडी थांबवलीच तर खुशाल पोलिसांची वाट बघत बसता येईल. बाकी रोखीतले पैसे एकाच्या खिशात एकत्र ठेवू नका आणि बटव्यातही दिसू देऊ नका.

हे सगळं नकोसं वाटत असेल तर धक्क्याला लागूनच मोलो बेवेरेल्लो आहे, तिथून सोरेंतोला जलद बोटी सुटतात, साधारण पाऊण तासात पोचवतात. सोरेंतोत दिवस आरामात जातो. अमाल्फी होत नाही, पण आमचंही कुठं झालं?

परत आल्यावर पुतण्यानं वेगळ्या नंबरवरून त्या माणसाला विचारलं, पुढच्या उन्हाळ्यात चौघांसाठी किती? फोटोतली व्हॅन तीच, निरोप लिहिणाऱ्या ‘भावा’चं नाव मात्र बदललेलं. उत्तर दहा मिनिटांत, ४८०, फुल डे, नथिंग एक्स्ट्रा.

पैशांचं म्हणाल तर आगाऊ ९६ युरो परत मिळाले. कार्डाच्या बँकेकडे वादाचा अर्ज केला. ठरलेल्या मार्गाचा व्हॉट्सॲप निरोप, पाटी नसलेल्या गाडीचा मागून काढलेला फोटो (हा पोझितानोच्या वळणावर नकळत निघाला होता, वहिनींच्या मागं गाडी उभी) आणि ठाणेकरांचा अमाल्फीतला वेळ दाखवणारा फोटो जोडला. ‘सांगितलेली सेवा दिली नाही’ ह्या कारणाखाली रक्कम वळती झाली, दोनेक महिने लागले. इटलीत आर्थिक पोलिसांचा क्रमांक ११७ आहे आणि पावती न देणं हा तिथं त्यांच्याच अखत्यारीतला विषय, हे आधी माहीत असतं तर पंपावर ११२ ऐवजी तो लावण्याची भाषा केली असती. रोखीचे ६५० गेले ते गेलेच. पावती मागितली तेव्हा तो म्हणाला, ‘टुमॉरो, बाय ईमेल’.